उरलेल्या नऊंचा हिशेब

इंग्रजीत डेसिमेट नावाचे एक क्रियापद आहे. शहर, सैन्य, जंगल, पीक, क्रिकेट संघाची फलंदाजी, कशाचीही दाणादाण उडाली की इंग्रजी बातम्यांत ते हमखास येते. आणि ते आले की कुठून तरी एखादे शुद्धिवादी गृहस्थ उठून सांगतात, की बाबांनो, या शब्दाचा अर्थ दहातला एक मारणे असा आहे, सर्वनाश असा नव्हे. या वादात इंग्रजी भाषकांच्या कित्येक पिढ्या खपल्या. शब्दकोशांनी निकाल केव्हाच दिलेला आहे. आज त्याचा रूढ अर्थ ‘मोठ्या प्रमाणावर नाश करणे’ हाच आहे, आणि सैल वापराची ही सवय सतराव्या शतकापासूनची आहे. पण शुद्धिवादी मंडळी कुठल्याही भाषेतली असोत, निकालाने गप्प बसत नाहीत.

मी त्या गृहस्थांच्या बाजूचा नाही. शब्दाच्या पोटातला आकडा झिजतो, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. पंचनाम्याला पाच पंच लागत नाहीत, दोन पुरतात. तरी त्याला कुणी द्विनामा म्हणत नाही. दशांश म्हटले की आपल्याला सरदेशमुखी आठवते, पण ती वसूल करताना समोरच्या रयतेकडून नेमका दहावाच हिस्सा उचलला जात होता का, हे त्या रयतेलाच ठाऊक. इंग्लंडातही क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ साली राजाच्या पक्षपात्यांवर दहा टक्के कर बसला, त्यालाही डेसिमेशनच म्हणत. तेव्हा आकडा, कर, शिक्षा, नासाडी असा हा शब्द फिरत आलेला आहे. फिरू दे.

मला त्या शब्दाचे मूळ वेगळ्याच कारणासाठी हवे आहे. कोकणात वादळ झाले की दोन प्रकारची भाषा ऐकू येते. एक बातमीची: थैमान, हाहाकार, उद्ध्वस्त, भुईसपाट, होत्याचे नव्हते, कंबरडे मोडले. दुसरी पंचनाम्याची: अंशतः बाधित, पूर्णतः बाधित, बाधित क्षेत्र हेक्टर आर. पहिलीत आकडा नाही. दुसरीत आकड्याशिवाय काही नाही. आणि दोन्हींतून जे निसटते, ते त्या जुन्या रोमन शिक्षेत मात्र नेमके पकडलेले होते.

ती शिक्षा अशी. एखादी तुकडी रणांगणातून पळाली, तर सगळ्यांना मारणे सैन्याला परवडणारे नसे. मग दोषींत चिठ्ठ्या टाकायच्या, साधारण दहातला एक निघेल अशा बेताने. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली त्याला त्याच्याच सोबत्यांनी दगडा-काठ्यांनी मारायचे. इ.स.पू. ७२-७१ च्या सुमारास, स्पार्टाकसच्या गुलामबंडाच्या वेळी, क्रॅसस या रोमन सेनापतीने ही जुनी शिक्षा पुन्हा उकरून काढली होती. पण पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार या शिक्षेचे वर्णन करताना मेलेल्या एकापाशी थांबत नाही. उरलेल्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा द्यायचा आणि छावणीच्या तटाबाहेर, असुरक्षित जागी, मुक्काम करायला लावायचा, हेही तो नोंदवतो. म्हणजे शिक्षा एकाला होती तशी नऊ जणांनाही होती, आणि नऊ जणांची शिक्षा जास्त दिवस चालणारी होती. हिशेब गेलेल्यावर थांबत नव्हता.

आता कोकणात येऊ.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. (नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. मराठी बातमीदारांना त्याने चांगलेच अडचणीत आणले: निसर्गाने निसर्गाचे नुकसान केले, हे वाक्य लिहायचे कसे?) श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग, पलीकडे मंडणगड, दापोली. या पट्ट्यातल्या वाड्या म्हणजे माड आणि पोफळी, नारळाची आणि सुपारीची झाडे. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर चढलेला मिरवेल, मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, केळ, पाटाच्या कडेने अननस. एका गुंठ्यात तीन-चार मजली शेती. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच सावल्यांतून येते.

तेव्हा लागू असलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळायचे, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढे २०२२ पासूनच्या निकषांत तो आकडा २२,५०० झाला. मदतीसाठी अट एकच: नुकसान किमान ३३ टक्के हवे. २०१५ च्या आधी हीच अट ५० टक्क्यांची होती, ती खाली आली ही सुधारणाच म्हणायची. घराचा निकष निराळा. पक्क्या किंवा कच्च्या घराची अंशतः पडझड झाली, तर ती किमान १५ टक्के हवी. मासेमारीची बोट पूर्णपणे नष्ट झाली तर तेव्हा ९,६०० रुपये मिळायचे, जाळे पूर्ण गेले तर २,६००. या पैशांत बोट कुठली येते, हा प्रश्न हर्णैच्या बंदरावर जाऊन कुणी विचारू नये.

यात डेसिमेट बसवून पाहू, अगदी त्या शुद्धिवादी गृहस्थांच्या अर्थाने. दहातला एक माड पडला: १० टक्के. पंचनाम्यात निरंक. दहातल्या एका भागाचे छप्पर उडाले: १० टक्के. निरंक. दहातले तीन माड पडले, तरीही निरंक. कारण ३० हा ३३ पेक्षा लहान असतो. सरकारी तक्त्यात ‘दशांश नाश’ नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. आणि तक्ता टक्केवारी विचारतो तेव्हा तो हे विचारत नाही, की ती टक्केवारी कुठल्या महिन्यातली आहे. निसर्ग आले ते जूनमध्ये. मृगाचा पाऊस तोंडावर असताना घराचे दहा टक्के नळे उडाले, तर ते घर दहा टक्के गळत नाही. पाणी पडवीतून माजघरात येते, भाताच्या कणगीत शिरते, मातीच्या भिंतीत मुरते. नळे करणारे कुंभार आता फारसे उरले नाहीत, म्हणून पत्रा आणायचा. त्या आठवड्यांत तर पत्राही बाजारातून नाहीसा झाला होता आणि वरून टाळेबंदी. १५ टक्क्यांची रेघ डिसेंबरात एक अर्थ सांगते आणि जूनमध्ये दुसरा. तक्त्याला दोन्ही महिने सारखेच.

पण घराचा प्रश्न निदान एका पावसाळ्याचा. माझे खरे म्हणणे झाडांबद्दल आहे.

भात वाहून गेले तर एक हंगाम बुडतो. ते दुःख लहान नाही, पण त्याला मुदत आहे. पुढल्या रोहिणीला पुन्हा पेरता येते. माड पडला की मुदतच मोजता येत नाही. बाणवली माड लावला तर नारळ धरायला सहा-सात वर्षे जातात, भर उत्पन्नाला त्याहून अधिक. पोफळीचेही तसेच. हापूसचे कलम पाच-सहा वर्षांनी फळ दाखवते, पण त्याचा आंबा संसार चालवण्याइतका व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. आणि पडलेले कलम बहुधा आजोबांनी लावलेले असते. हेक्टर हे भाताचे माप आहे. भाताचे दोन हेक्टर सारखेच असतात. वाडीत दोन गुंठे सारखे नसतात.

हे हेक्टरचे माप वाडीला लावले की काय होते ते पाहा. कोकणी वाडी हेक्टरमध्ये नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे ०.१० हेक्टर. मूळ निकषाने तिची भरपाई १,८०० रुपये. निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांचा दर हेक्टरी ५०,००० केला, तेव्हा ती झाली ५,००० रुपये. पडलेल्या माडांचे ओंडके करून वाडीबाहेर काढायला यांत्रिक करवतवाला जे मागतो, त्यातच ते संपतात. मग ओरड झाली, आणि सरकारने झाडामागे मदत देण्याचा निर्णय घेतला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. तत्त्व म्हणून मला हा निर्णय फार मोठा वाटतो. कोकणातल्या नुकसानीचे एकक झाड आहे, हे त्यात मान्य झाले. रकमेबद्दल तेवढ्याच उत्साहाने बोलवत नाही. समजा, त्या दहा गुंठ्यांत १५ माड आणि १०० पोफळी होत्या आणि सगळ्या गेल्या. मदत ८,७५० रुपये. चांगला माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. नारळ दहा रुपयांना धरला तरी २५० रुपये म्हणजे २५ नारळ, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा. चौथाई मिळाली म्हणायची, तीही एकदाच, आणि पुढची सहा वर्षे कोरडी.

इथे कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच म्हणेल, की ही नुकसानभरपाई नाहीच. निकषांमध्ये तिचे नाव निविष्ठा अनुदान आहे. बियाणे, खत घेऊन शेतकऱ्याने पुन्हा उभे राहावे म्हणून दिलेला हातभार. सरकार काही विमा कंपनी नव्हे. मान्य. पण मग हातभार कशाला लागतो हे तरी त्या पिकाप्रमाणे ठरवा. भाताला पुन्हा उभे राहायला बियाणे लागते. माडाला पुन्हा उभे राहायला सात वर्षे पाणी, शेणखत, राखण आणि सात वर्षे त्या घराचे पोट लागते. एका रकमेत, एका खात्यावर, एका हप्त्यात ते बसत नाही. विम्याकडे बोट दाखवावे, तर हवामानावर आधारित फळपीक विमा आंबा-काजूच्या त्या हंगामातल्या फळाचा असतो: अवेळी पाऊस, तापमान, वाऱ्याचा वेग, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे आकडे. झाड मुळासकट गेले तर पुढल्या दहा हंगामांचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही.

गंमत अशी, की झाडाला वर्षे लागतात हे सरकारला ठाऊक नाही असे अजिबात नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली, तिच्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळ आणि वरकस जमिनी आंबा-काजूने हिरव्या झाल्या. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत मिळते: ५०, ३० आणि २० टक्के. दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असतील तरच पुढचा हप्ता. शिवाय कोकणासाठी या योजनेत किमान क्षेत्र ०.१० हेक्टर, म्हणजे दहा गुंठे. उर्वरित महाराष्ट्रासाठी त्याच्या दुप्पट. म्हणजे झाड लावताना सरकार झाडे मोजते, ती जगली का ते पाहते, वर्षे मोजते आणि कोकणातली वाडी लहान असते हेही लक्षात ठेवते. तेच झाड पडले की हेच सरकार पुन्हा हेक्टरवर येते आणि सगळे एका दिवसात मोजून टाकते. जन्माची नोंद झाडाच्या नावाने आणि मृत्यूची क्षेत्रफळाच्या. या विसंगतीचे समर्थन मी आजवर कुठेही वाचलेले नाही. ती कुणी ठरवून केलेली नसावी. दोन खाती, दोन तक्ते, आणि ते शेजारी ठेवून पाहणारा कुणी नाही, एवढेच.

आता त्या उरलेल्या नऊंकडे.

वादळानंतर उभा राहिलेला माड वाचला असे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते. वाडीवाला वर पाहतो. शेंडा पिळलेला असेल, कोवळे सुरळीतले पान मोडलेले असेल, तर तो माड उभ्या-उभ्या मरायला लागलेला असतो. त्याला सहा महिने लागतील, वर्षही लागेल. खोडाला जखम झालेली असेल तर सोंड्या भुंगा त्या जखमेच्या वासावर येतो आणि आत अंडी घालतो; बाहेरून माड हिरवाच दिसतो आणि आतून पोखरला जातो. गेंड्या भुंग्याची वीण कुजक्या ओंडक्यांत आणि शेणखतात होते. वादळाने शेकडो माड पाडले आणि ते ओंडके पावसाळाभर वाडीत कुजत पडले, तर भुंग्याला इतकी मोठी सूतिकागृहे एरवी कधीच मिळत नाहीत. पुढल्या वर्षी तो उरलेल्या माडांच्या शेंड्यांत शिरतो. पडलेल्या माडाने उभ्या माडाला मारायचे, असा हा प्रकार आहे, आणि त्यात ओंडके वेळेवर न हलवू शकलेल्या घरांचा दोष फारसा नाही. माणूस नव्हता, करवत नव्हती, ओंडका न्यायला वाट नव्हती.

पोफळीचे तर याहून बारीक आहे. ती सावलीत वाढलेली जात. माड पडला, छत उघडे झाले, की नैऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन थेट खोडावर बसते. खोड करपते, पिवळे पडते, मग त्या जागी चिरते, आणि कधीतरी साध्या वाऱ्यात पोफळ तिथूनच मोडते. जाणते वाडीवाले अशा खोडांना झावळ्या बांधतात. जायफळालाही उघडे ऊन सोसत नाही. तेव्हा पंधरा माड पडले, म्हणजे पंधरा माडांचे नुकसान झाले, असे नसते. त्या पंधरा माडांच्या सावलीत जे जे होते त्याची मुदत त्या दिवशी सुरू होते.

हे सगळे घडते पंचनामा झाल्यावर. पंचनामे लगेच उरकावेत असा आदेश असतो, आणि तो योग्यच असतो. मदत वेळेवर पोचायची तर दुसरा मार्ग नाही. पण त्यामुळे पंचनामा फक्त आडव्या पडलेल्या झाडांचा होतो. उभे असलेले झाड निरोगी, असे गृहीत धरले जाते. अठरा महिन्यांनी मेलेला माड वादळाने मेला हे कुठल्या रकान्यात लिहायचे? तो तोवर वादळबाधित राहिलेला नसतो, नुसता वाळका माड असतो.

म्हणून मागणी सोपी आहे. पहिला पंचनामा लवकर करा, क्षेत्रावर करा, हातात तातडीची रक्कम द्या. आणि एका वर्षाने, दोन वर्षांनी, त्याच वाडीचा दुसरा पंचनामा करा, झाडांचा. किती उभी आहेत, किती मेली, किती नव्याने लावली, त्यातली किती जगली. हप्ते लागवड योजनेसारखे पाडा. नवे काही शोधायचे नाही. त्याच कृषी खात्याची तीच पद्धत उलट्या दिशेने वापरायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद फोटोसह करतो, लागवडीची तारीख भरतो; बांधावरची झाडे किती तेही त्यात नोंदवता येते. वाडीत झाडे किती आणि कधीची, हे वादळाआधीच कागदावर आणण्याचे साधन हातात आहे. त्या नोंदीवरून नुकसान वर्षांत मांडता येईल. पोफळ: वय वीस, पुन्हा फळायला सात वर्षे. एवढी एक ओळ.

झाडे मोजायला वेळ लागतो आणि झाडे मोजताना आकडे फुगतात, हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. आकडे फुगतात, नाही कसे? पडलेला माड मोजायला आलेल्या माणसाला शेजारच्या वाडीतला ओंडका दाखवणारे महाभाग आमच्या कोकणातही आहेत. पण क्षेत्रही फुगवता येते, टक्केवारी तर सर्वांत सोपी. ३३ आणि ३२ यांच्यामधली रेघ डोळ्याने पाहून ठरवणारा अधिकारी मला दाखवा. बुंधा मात्र मोजता येतो. तो जमिनीतच असतो, वर्षानंतरही असतो.

वेळेचा आक्षेप खरा आहे. एका सजेत गावे अनेक, माणूस एक. मध्यंतरी तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. पदनाम लांबले, हद्द तेवढीच राहिली. दुसऱ्या पंचनाम्याला घाई नसते हा त्याचा फायदा धरायला हवा. तो पावसाळा सोडून कधीही करता येईल, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन करता येईल, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही गुंतवता येईल. त्यांना गावात राहून अनुभव घ्यायचाच असतो.

एक गाठ मात्र याने सुटणार नाही, आणि ती कोकणाची स्वतःची आहे. सातबारा. वाडी कसणारी एक म्हातारी, आणि सातबारावर चौदा नावे: दोघे लालबागला, एक विरारला, एक बडोद्याला, तिघे वारलेले, त्यांचे वारस लागलेले नाहीत. मदत खात्यावर जमा करायची तर खातेदारांची संमती हवी. गणपतीला सगळे येतात तेव्हा हा विषय काढायचा नाही असे घराघरांत ठरलेले असते, कारण काढला की आरतीआधीच भांडण. परिणाम असा, की जिचे माड पडले तिला संमतीपत्रे गोळा करताना वर्ष जाते, आणि मदत मिळाली तरी ती चौदा ठिकाणी वाटायची की तिनेच ठेवायची याचा निवाडा होत नाही. इथे दोष सरकारावर ढकलणे मला पटत नाही. मदत जमीनमालकीला न जोडता प्रत्यक्ष वहिवाटीला जोडता येईल का, ई-पीक पाहणी ज्याने केली त्याला प्राधान्य देता येईल का, यावर कायद्याच्या जाणकारांनी बोलावे. पण मुंबईतल्या चाकरमान्यांनी एक संमतीपत्र आगाऊ करून ठेवले, तर त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही. भाऊबंदकी ही काही आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षेत येत नाही.

आता बातमीच्या भाषेकडे थोडे. ‘कोकण उद्ध्वस्त’ हा मथळा मला खटकतो, पण अतिशयोक्ती म्हणून नव्हे. उद्ध्वस्त झाले म्हणजे संपले, असा त्यात भाव असतो. बातमी तिथे पूर्ण होते. मग २००९ चे फयान, २०२० चे निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते, त्याच जुलैतला चिपळूणचा पूर, तळियेची दरड, अशी यादी तयार होते आणि प्रत्येक वेळी कोकण नव्याने उद्ध्वस्त होते, जणू मधल्या काळात ते पूर्ववत झाले होते. झालेले नसते. निसर्गमध्ये पडलेल्या पोफळीच्या जागी २०२१ मध्ये लावलेले रोप २०२६ मध्येही पुरते फळावर आलेले नाही. त्या वाडीपुरते ते वादळ अजून चालू आहे. पण सहाव्या वर्षी त्याची बातमी होत नाही, कारण सहाव्या वर्षी काही घडलेले नसते. घडायचे ते घडत नाही, एवढेच असते. मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांनी वादळाच्या वर्षदिनी एकच काम करावे: त्याच वाडीत जावे आणि किती माड उभे आहेत ते मोजून छापावे. विशेषणे घरी ठेवली तरी चालतील.

आणि या मधल्या वर्षांतच खरा व्यवहार होतो. माड-पोफळी उभ्या असतात तोवर वाडी ही वाडी असते. विकायचा विचार मनात आला तरी झाडांकडे पाहून मागे पडतो. झाडे गेली की ती सपाट जागा होते. समुद्र दोनशे पावलांवर, रस्ता जवळ. अशा जागेला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते दारात येते, आणि बोलायला गोड असते. सात वर्षे थांबून पुन्हा सुपारी खाली उतरवायची, की आजच रक्कम घेऊन डोंबिवलीत मुलाच्या घराचा हप्ता फेडायचा, हा प्रश्न साठीतल्या माणसापुढे टाकला तर तो काय उत्तर देईल? त्याला दोष देणारे बहुतेक जण स्वतः शहरात असतात. निवाऱ्याची, चहा-नाश्त्याची, समुद्रदर्शनाची सोय म्हणून जे बांधकाम तिथे उभे राहते, त्याच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण वादळाने जमीन मोकळी केली आणि मदतीच्या तक्त्याने ती मोकळीच राहू दिली, तर त्या विक्रीला मालकाची मर्जी म्हणणे मला जमत नाही.

हेक्टरी मदतीत हा भाग कधीच मोजला जाणार नाही. तिला तो दिसतच नाही. वर्षांत मोजलेली, हप्त्यांत दिलेली, जगलेल्या रोपाला बांधलेली मदत निदान त्या साठीतल्या माणसाला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला एक कारण देते. तिसऱ्या वर्षी माड डोक्याएवढा झालेला असतो. सावली पडू लागलेली असते, तिच्यात पोफळीचे रोप लावता येते, आणि पोफळ लावलेली जागा विकायला कोकणातला माणूस सहसा तयार होत नाही. पुढच्या अधिवेशनात निकषांवर बोलणाऱ्या कोकणातल्या आमदारांनी दर वाढवून मागण्याआधी हे एकक बदलून मागावे.